खाटेवरून न्हाणीत

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं कौलारू घर. सोप्यात खाट, मागं परड्याच्या बाजूला न्हाणी. पावसाची झड.)

आंघोळीची वेळ झाली की घरातली दोघं येतात, काखेत हात घालतात आणि म्हाताऱ्या माणसाला उचलतात. माया असते, पण पद्धत चुकते. अर्धांगवायूत लुळ्या पडलेल्या हाताच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो. काखेतून किंवा मनगटाला धरून ओढलं, की सांधा जागचा सरकतो आणि ते दुखणं महिनोन् महिने पुरतं. उचलणाऱ्याची कंबर धरते ती वेगळीच.

खरं काम उठण्याच्या आधी असतं. पहिली बघायची ती खाट. नवारीची खाट मध्ये झोळते. कडेला बसलं की ढुंगण गुडघ्यांच्या खाली जातं आणि तिथून उठायला दुप्पट ताकद लागते. नवार ताणून घ्या किंवा गादीखाली प्लायवूडची फळी घाला. बसल्यावर मांडी जमिनीला समांतर आणि तळवे पूर्ण टेकलेले हवेत. बहुतेकांना त्यासाठी ४५ सेंटीमीटरच्या आसपास उंची लागते. खाट उंच करायला पायांखाली सुट्ट्या विटा ठेवू नका, धक्क्यानं त्या सरकतात. सुताराकडून लाकडी ठोकळे करून घ्या, त्यात पाय दोन-तीन सेंटीमीटर आत बसेल अशी खोबण हवी.

(दृश्य: चाकाच्या खुर्चीचा ब्रेक, जवळून.)

इथं उजवी बाजू अधू आहे, म्हणून खुर्ची डाव्या हाताला लावली. खाटेशी तीस ते पंचेचाळीस अंशांचा कोन, दोन्ही ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळवलेल्या. ब्रेक लावून खुर्ची एकदा हलवून बघायची. टायरात हवा कमी असली तर ब्रेक लागलेला दिसतो, पण चाक फिरतंच.

झोपेतून उठवून लगेच उभं करू नका. पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसू द्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांना एकदम उठताना घेरी येते.

कमरेला चार बोटं रुंद सुती पट्टा बांधायचा. नवारीलाच चांभाराकडून बक्कल शिवून घेतलं तरी चालतं. नुसती गाठ सुटते. पट्टा कपड्यांवरून, आत दोन बोटं जातील इतपत घट्ट.

(दृश्य: सून समोर, गुडघे वाकवून. आवाज: “आत्या, पुढं सरका. आता वाका.”)

आधी खाटेच्या कडेपर्यंत सरकायचं. पाय गुडघ्यांच्या किंचित मागे. मग धड इतकं पुढं वाकवायचं की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. नेमकं हेच घाबरून टाळलं जातं. मागं रेलून बसलेल्याला ओढावंच लागतं. पुढं वाकलेला स्वतः अर्धाअधिक उठतो. सुनेनं आपला गुडघा आत्यांच्या अधू गुडघ्याला टेकवलाय, म्हणजे तो दुमडणार नाही. हात पट्ट्यावर. गळ्यात हात घालू द्यायचे नाहीत, तोल गेला तर दोघी पडतात.

मोजणी मराठीत करा की कन्नडमध्ये, पण उठायचं ‘तीन’ म्हणताना की म्हणून झाल्यावर, हे आधी ठरवा. उभं राहिल्यावर कंबर पिळायची नाही, लहान पावलं टाकत वळायचं. खुर्चीची कड पोटऱ्यांना लागली की चांगल्या हातानं खुर्चीचं हातळ, म्हणजे हात टेकायची दांडी, चाचपायचं आणि सावकाश बसायचं.

आता न्हाणीचं दार. चाकाच्या खुर्चीवर लिहिलेले ४५ सेंटीमीटर ही बैठकीची रुंदी. चाकांसकट ती साधारण ६५ भरते. जुन्या दाराची चौकट मोजल्याशिवाय खुर्ची घेऊ नये. लहान चाकांची कमोड खुर्ची (बैठकीला भोक असलेली) अरुंद मिळते, पण दोन बोटांच्या उंबऱ्यालाही अडते आणि पुढं कलंडते. ती उलटी, मागं ओढत न्यायची. उंबरा दहा सेंटीमीटर असेल तर उतार निदान १२० सेंटीमीटर लांब हवा.

आत मांडवातली हलकी प्लॅस्टिक खुर्ची नको, ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. हातळं असलेली, पायांना रबरी टोप्या असलेली घ्या. भिंतीतला दांडा तीन-चार सेंटीमीटर जाड आणि भिंतीपासून चारेक सेंटीमीटर सुटा हवा. नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला धरायची सवय लावू नका, ती केव्हातरी उपटून येणारच.

बादलीत आधी गार पाणी, मग बंबातलं कढत. अधू बाजूला चटका कळत नाही, म्हणून पाणी चांगल्या बाजूवर किंवा आपल्या कोपरावर तपासा. तेल लावायचं ते परत खाटेवर बसल्यावर. तेलकट अंग हातातून निसटतं. कपडे काढताना आधी चांगला हात, घालताना आधी अधू हात.

परत येताना बहुतेक घरांत चुकतं. खुर्ची सकाळच्याच जागी लावली, तर खाट अधू बाजूला येते. खुर्ची फिरवा, खाट चांगल्या बाजूला आली पाहिजे.

आणि तोल गेलाच, तर उभं धरून ठेवायची झटापट नको. जवळ घ्या, आपल्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर उतरवा. माणूस पडला आणि जांघेत कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका. पांघरूण घाला आणि १०८ ला फोन लावा.