तिथीची पाऊणपट आणि पाव ग्रॅम पाणी
(कोकणातल्या हौशी छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, हौशी छायाचित्रकार एकमेकांना फोटो दाखवायला बसले की दोन प्रश्न हमखास निघतात. कॅमेरा कुठला, आणि सेटिंग काय होतं? प्रश्न रास्त आहेत, पण आपल्या किनाऱ्यावर ते पुरत नाहीत. इथे आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात: त्या दिवशी तिथी कुठली होती, आणि तुम्ही कॅमेरा घरी ठेवता कसा? घाटावरच्या कोरड्या हवेत मिळालेला सल्ला तिथे बरोबरच असतो. तोच सल्ला जुलै महिन्यात रत्नागिरीत जसाच्या तसा पाळला की लेन्समध्ये बुरशी दिसायला लागते.

बुरशीपासूनच सुरुवात करू, कारण आपल्याकडे लेन्स पडून फुटण्यापेक्षा बुरशीने जास्त वाया जातात. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, अंधार असला आणि हवा हलत नसली की काचेवर बुरशी धरते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्के असते. म्हणजे कपाटात ठेवलेली कॅमेऱ्याची बॅग ही बुरशीसाठी तयार केलेली खोलीच. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. ते वेळेत साफ झाले तर काच वाचते. राहिले तर बुरशीतून सुटणारं आम्ल काचेवरचा लेप खातं, आणि मग बुरशी काढली तरी डाग कायम राहतो.

उपाय स्वस्त आहे. झाकणाला रबरी कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं काट्याचं यंत्र) आणि सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे). काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. ३०च्या खाली नेऊ नका, फार कोरड्या हवेत रबर आणि आतलं वंगण खराब होतं.

‘जेल घातलं तरी चार दिवसांत ओलं होतं’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. तिचं कारण नीट समजून घ्या. दहा लिटरच्या डब्यात, ३० अंशांना आणि ८५ टक्के आर्द्रतेला, हवेत असलेलं सगळं पाणी मिळून पाव ग्रॅमच्या आसपास भरतं. तेवढं तर पाच ग्रॅमची पुडीसुद्धा शोषून घेईल. जेल ओलं होतं ते डब्यातल्या हवेने नाही, तुम्ही आत कोंबलेल्या वस्तूंनी. कापडी पट्टा, फोमचे कप्पे, चामड्याचं कव्हर, पुठ्ठ्याची खोकी या सगळ्यांनी पावसाळ्यात भरपूर पाणी पिऊन ठेवलेलं असतं आणि ते हळूहळू सोडत राहतात. म्हणून डब्यात फक्त बॉडी आणि लेन्स ठेवा. पट्टा काढा, बॅग बाहेर टांगा. मग दोनशे ग्रॅम जेल आठवडेच्या आठवडे चालतं.

जेल नारिंगी रंगाचं घ्या, ते ओलं झालं की हिरवं पडतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराईड असतं, ते विषारी आहे, स्वयंपाकघरात नको. परत सुकवायला ओव्हन असेल तर १२० अंशांवर दोन तास. नसेल तर यासाठीच बाजूला काढलेल्या जुन्या कढईत मंद आचेवर हलवत राहा, रंग परत येईपर्यंत. आच मोठी केली तर दाणे काळपट होतात आणि मग रंगावरून काही कळत नाही. सुकलेलं जेल उघड्यावर गार करायचं नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात गार करा, नाहीतर गार होता होताच ते पुन्हा पाणी ओढून घेतं.

पूर्वी कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे. त्यात तथ्य होतं. २८ अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा पाच अंशांनी तापवली की आर्द्रता ६४ टक्क्यांवर येते. पण तेवढ्याने ४५ गाठता येत नाही, पावसाळ्यात वीज जाते, आणि आताच्या एलईडी दिव्याला ऊबच नसते. डबाच बरा.

जुनी लेन्स विकत घेताना हीच परीक्षा करा. दोन्ही टोप्या काढा, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च लावा आणि पुढून थोडं तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसले तर काही बिघडत नाही. धागे, दुधी धुरकटपणा किंवा ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक दिसली तर घेऊ नका, किंमत कितीही कमी असो.

आता खारं वारं. मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. म्हणजे किनाऱ्यावरून आणलेल्या कॅमेऱ्यावरचा खार आपल्याकडे वाळतच नाही. तो चिकट पाण्याच्या रूपात बटणांच्या फटीत आणि लेन्सच्या धातूच्या कडीपाशी बसून राहतो आणि गंज धरतो. कोरड्या फडक्याने पुसलं तर बारीक वाळू घासली जाते. क्रम असा ठेवा: आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं सुती फडकं, शेवटी कोरडं. हे त्याच संध्याकाळी करायचं. ट्रायपॉड समुद्राच्या पाण्यात उतरला असेल तर पायांचे सगळे जोड उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि वाळवा. एवढं केलं नाही तर महिनाभरात जोड अडकतात. आणि कॅमेराच खाऱ्या पाण्यात पडला तर पहिल्या दहा सेकंदांत बॅटरी काढा, ‘चालतोय का’ म्हणून सुरू करून बघू नका, थेट दुरुस्तीला न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही, मीठ आतच राहतं.

एसी खोलीतून बाहेर आल्यावर लेन्स धुकटते तेही हवेच्या ओलाव्यामुळेच. बाहेर ३१ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं, आणि खोली असते २३ची. खोलीतून निघण्याआधीच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर पाऊण तास उघडू नका. पहाटे पाचला निघायचं असेल तर रात्री कॅमेरा एसी नसलेल्या खोलीतच ठेवा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

आता मला सगळ्यात जास्त वेळ द्यायचाय तो पाण्याला. समुद्राचा फोटो आधी भरती-ओहोटी ठरवते, लेन्स नंतर. आपल्या दर्यावर्दी माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता पूर्ण भरती, साधारण तेवढीच पहाटे आणि तेवढीच दुपारी किंवा संध्याकाळी. भरतीनंतर सहा तास बारा मिनिटांच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हा आडाखा मुंबईकडचा धरा. दक्षिणेकडे, रत्नागिरी-मालवणला, भरती मुंबईच्या आधी येते. नेमकी वेळ हवी तर भरतीचं छापील कोष्टक बघाच, पण महिनाभर आधी दिवस निवडायला पंचांग पुरतं.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. उधाण (सगळ्यात मोठी भरती) पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, भांग (सगळ्यात लहान भरती) अष्टमीच्या सुमारास. उधाणाच्या दिवशी भरती मध्यान्हीच्या आसपास आणि सुकती सकाळ-संध्याकाळी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत सूर्यास्ताला पाणी सगळ्यात आत गेलेलं असतं. पुळण (वाळूचा किनारा) लांबवर ओली, आरशासारखी. आभाळाचं प्रतिबिंब हवं असेल तर गुहागर, आरे-वारे, भोगवे इथे त्याच दिवशी जा. आणि खडपावर (किनाऱ्यावरच्या खडकांवर) आपटणारी लाट मावळतीच्या उजेडात हवी असेल तर अष्टमी ते दशमी. तेव्हा संध्याकाळी भरती असते, पण ती भांगाची, म्हणजे बेताची. उधाणाची मोठी भरती आणि सूर्यास्त यांची गाठ आपल्या किनाऱ्यावर बहुधा पडत नाही. कुणी तसा फोटो मागितला तर त्याला पावसाळ्यातल्या वाऱ्यावर अवलंबून राहावं लागेल.

खडपावर उतरणाऱ्यांनी बाराव्या हिश्श्याचा हिशेब पाठ करावा. सुकतीनंतर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या भागाने चढतं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासांत अर्धं पाणी येतं. सुकती होऊन दोन तास झाले की ट्रायपॉड उचलायचा, उजेड कितीही सुंदर असो. शेवाळाच्या कातळावर रबरी स्लिपर घालू नका, आणि पाण्याकडे पाठ करून कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत राहू नका.

सूर्य कुठे मावळेल तेही आधी काढता येतं. आपल्या अक्षांशावर तो डिसेंबरात बरोब्बर पश्चिमेच्या डावीकडे साडेचोवीस अंश आणि जूनमध्ये उजवीकडे तेवढाच सरकतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश मापते, म्हणजे वर्षभरात तो जवळजवळ पाच मुठी सरकतो. डिसेंबरात सुवर्णदुर्गाच्या तटाला टेकलेला सूर्य एखाद्या फोटोत दिसला म्हणून मेमध्ये त्याच जागी उभं राहिलात तर तो तुम्हाला पार उजवीकडे सापडेल. दुसऱ्याचा फोटो बघताना म्हणूनच महिना विचारा.

लाटेसाठी शटर किती वेळ उघडं ठेवायचं? परत फिरणाऱ्या पाण्याच्या रेघा हव्या असतील तर १/४ ते १/२ सेकंद, आणि बटण लाट फुटताना न दाबता मागे फिरायला लागल्यावर दाबायचं. याहून सावकाश गेलात की रेघा पुसल्या जाऊन नुसतं दूध दिसतं. एनडी फिल्टर म्हणजे उजेड अडवणारी गडद काच, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. सहा स्टॉपचा फिल्टर १/६०चा एक सेकंद करतो, दहा स्टॉपचा १/३०चा तीस सेकंदांच्या वर नेतो. आधी सहाचाच घ्या, तो जास्त वापरला जातो. ओल्या वाळूत ट्रायपॉड दर लाटेगणिक रुततो आणि फोटो हलतो. पायांखाली बरणीची तीन झाकणं उताणी ठेवा, पाय दाबून बसवा, दोन लाटा जाऊ द्या, मग फोटो घ्या. पोलरायझर विकत घेताना लोकांच्या डोळ्यांसमोर निळं आभाळ असतं, पण आपल्याकडे त्याचं खरं काम श्रावणात आहे. ओल्या पानांवरची पांढरी चमक तो काढून टाकतो आणि हिरवा रंग मोकळा होतो. दीड-दोन स्टॉप उजेड जातो, तेवढा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवा.

दशावतारी नाटकाबद्दल थोडक्यात. ५० मिमी, एफ १.८ ही स्वस्त लेन्स पुरते. मागे काळोख आणि चेहऱ्यावर रंग, त्यामुळे कॅमेरा फसतो आणि चेहरा पांढराफटक करतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप उणे ठेवा. मंचावर ट्यूबलाइट किंवा साधे एलईडी असतील तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आणि १/५०० ठेवलंत की फोटोत आडवे पट्टे येतात. राजा हातवारे थांबवून संवादाचा सूर धरतो, त्या क्षणी १/१००लासुद्धा तो स्थिर मिळतो. फ्लॅश नकोच.

सड्यावरच्या (माथ्यावरच्या सपाट कातळावरच्या) कातळशिल्पांना, म्हणजे कातळात खोदलेल्या चित्रांना, मात्र प्रकाश हेच सगळं काही. कशेळीचा हत्ती अठरा मीटरांच्या आसपास लांब आहे, तरी भर दुपारी त्याच्यावर उभं राहून माणूस विचारतो, ‘कुठाय?’ खोदकाम उथळ असतं, वरून येणाऱ्या उन्हात सावलीच पडत नाही. सूर्य क्षितिजापासून दीड मुठीच्या आत असताना, म्हणजे उगवल्यावर किंवा मावळण्याआधी पहिल्या-शेवटच्या तासाभरात, प्रत्येक रेघेत काळी सावली भरते. ढगाळ दिवशी किंवा रात्री फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून कातळापासून वीतभर उंचीवर, बाजूने मारा. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू ओढायचा नाही आणि पाणी ओतायचं नाही.

शेवटी फोटो दाखवण्याबद्दल आणि सल्ला मागण्याबद्दल. ‘कसा वाटला?’ असं विचारलंत तर ‘छान’ एवढंच मिळणार. फोटोखाली शटर, ॲपर्चर, आयएसओ, फोकल लेंग्थ, महिना, तिथी आणि तुम्हाला स्वतःला काय खटकतंय ते एका ओळीत लिहा: ‘खडपाचा खालचा भाग काळा पडला, एक स्टॉप वाढवला तर आभाळ पांढरं होतं, काय करू?’ याला नेमकं उत्तर देता येतं: दोन फोटो घे, एक आभाळासाठी आणि एक खडपासाठी, किंवा सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटं थांब, आभाळ आणि जमीन यांच्यातलं अंतर आपोआप कमी होतं. उत्तर देणाऱ्यानेही कारण सांगावं, नुसता ‘फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे’ हा सल्ला म्हणता येणार नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो इतका दाबला जातो की तीक्ष्णपणावर बोलण्यात अर्थ राहत नाही.

आणि पाठवण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. मोबाईलच्या फाइलमध्ये, काही कॅमेऱ्यांच्याही, जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. वेळासला किंवा कुठल्याही पुळणीवर कासवाचं घरटं टिपलं असेल, समुद्री गरुडाचं झाड असेल, तर ती नोंद काढून टाका आणि गावाच्या नावावर थांबा. पिल्लं पाण्याकडे निघतात तेव्हा फ्लॅश आणि टॉर्च दोन्ही बंद, कारण ती उजेडाच्या दिशेने चालतात. कॅमेरा वाळूला टेकवा, १/५००, आयएसओ हवा तेवढा, आणि त्यांच्या वाटेच्या बाजूला बसा, समोर नको.