अल्लाह बंद

१६ जून १८१९. पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झालेलं. कच्छमध्ये दिवस मावळतीला आला होता. सातच्या आसपास जमीन हादरली.

एकट्या भूजमध्ये हजारावर माणसं ढिगाऱ्यांखाली गेली. तिकडे दूर अहमदाबादेत जामा मशिदीचे उंच मिनार अर्ध्यातून कोसळले. भूकंपमापक यंत्रं यायला अजून साठेक वर्षं होती. कच्छमधला इंग्रज अधिकारी कॅप्टन मॅकमर्डो याने डोळ्यांनी पाहिलं ते लिहून ठेवलं.

रणात, सिंधूच्या पूर्वेकडच्या फाट्यावर, सिंदरीचा छोटा किल्ला होता. जकातीचं नाकं होतं तिथे. त्या संध्याकाळी किल्ल्याखालची जमीनच खचली आणि समुद्र आत शिरला. चार बुरुजांपैकी एक तेवढा टिकला. नाक्यावरची माणसं त्यावर चढली. रात्रभर चहूकडे पाणी. दुसऱ्या दिवशी होड्यांतून ती सुटली.

पण उत्तरेला, आठ-नऊ किलोमीटरवर, त्यांना वेगळंच काही दिसलं होतं. जिथे सपाट रण होतं, तिथे आता लांबच लांब उंचवटा होता! सुमारे ८० किलोमीटर लांब, काही ठिकाणी ६ मीटरपर्यंत उंच. एका बाजूची जमीन वर उचलली गेली, दुसरी खाली बसली.

नदीवर माणसांनी घातलेले बांध या लोकांच्या ओळखीचे होते. हा माणसाचा नव्हता. त्यांनी नाव दिलं, अल्लाह बंद. देवाचा बांध. मला हे नाव फार मोलाचं वाटतं, कारण तीही एक नोंदच आहे: उंचवटा पूर्वी नव्हता, आणि त्याने पाणी अडवलं. आज शास्त्रज्ञ याच बांधाची लांबी-उंची आणि गावोगावच्या पडझडीची वर्णनं जुळवून सांगतात, भूकंप ७.७ किंवा त्याहून मोठा असावा.

१८२६ साली सिंधूला पूर आला आणि पाण्याने बांध मधोमध फोडला. कापलेल्या कडांमध्ये चिकणमाती दिसली, शिंपल्यांनी भरलेली.

दोन वर्षांनी अलेक्झांडर बर्न्स हा इंग्रजांचा अधिकारी होडीतून सिंदरीला गेला. तो एकुलता बुरूज अजून उभा होता. पडक्या भिंतींचे माथे पाण्यावर दोन-तीन फूट आलेले. त्यातल्याच एकीवर उभं राहून त्याने सभोवार पाहिलं. सगळीकडे पाणी. फक्त उत्तरेला जमिनीची एक निळसर रेघ.