ताब्याचा हिशेब आणि व्यवस्थापकाचे अज्ञान

मित्रहो, आज मी ज्या प्रकारच्या संगणकीय खेळाविषयी बोलणार आहे, त्यात खेळणारा स्वतः मैदानात उतरत नाही. तो बास्केटबॉल संघाचा व्यवस्थापक असतो. कोणाशी करार करायचा, कोणाला सोडायचे, ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, कोणाचे नाव घ्यायचे आणि पुढच्या तीन-चार वर्षांचा पैसा कोणावर लावायचा, एवढेच त्याच्या हातात असते. सामना संगणक खेळून दाखवतो. असा खेळ अधिक वास्तव कसा करावा, हा आजचा प्रश्न आहे. या प्रश्नावर बहुतेक जण प्रथम तपशील वाढवण्याचा विचार करतात आणि दुखापतींचे प्रकार, प्रशिक्षकांचे स्वभाव, प्रेक्षागृहाचा खर्च अशी भर घालत जातात. मला मात्र वाटते की खऱ्या व्यवस्थापकाला अपुऱ्या माहितीवर निर्णय घेताना जी अडचण सोसावी लागते, ती अडचण खेळणाऱ्याला जाणवू लागली, तरच तो खेळ वास्तवाच्या जवळ गेला असे म्हणावे.

सुरुवात सामन्यापासून करावी लागते, कारण सामन्याचे गणित चुकले तर वरचे सगळे निर्णय निरर्थक ठरतात. बास्केटबॉलचे मूळ एकक म्हणजे चेंडूचा ताबा, म्हणजे चेंडू एका संघाकडे आल्यापासून दुसऱ्याकडे जाईपर्यंतचा खेळ. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतील मुख्य व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, १९५४ साली २४ सेकंदांच्या आत शॉट घेण्याची सक्ती करणारे घड्याळ आले, तेही अशाच हिशेबातून. ४८ मिनिटांच्या सामन्यात २८८० सेकंद असतात, आणि चांगल्या, रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट घेतात, म्हणून एका शॉटला २४ सेकंद. आजच्या एनबीए सामन्यात प्रत्येक संघाला सुमारे १०० ताबे मिळतात, आणि दोन्ही संघांचे ताबे जवळजवळ सारखेच असल्यामुळे एका ताब्यातून कोण किती गुण काढतो यावर निकाल ठरतो. विश्लेषक डीन ऑलिव्हर यांनी यासाठी चार घटक मांडले आणि त्यांना ढोबळ वजनेही दिली: शॉटची अचूकता ४० टक्के, चेंडू न गमावणे २५ टक्के, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर चेंडू मिळवणे) २० टक्के आणि फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या फाउलमुळे मिळणारा मोकळा शॉट) मिळवणे १५ टक्के. ज्या खेळात प्रत्येक ताबा या चार वाटांनी उलगडत जातो, त्यातला गुणतक्ता वाचताना खरा सामना डोळ्यांसमोर उभा राहतो. पाच खेळाडूंच्या रेटिंगची बेरीज करून तिच्यात थोडा योगायोग मिसळला, तर विजेता मिळतो, पण तो का जिंकला हे कळत नाही.

बेरजेच्या पद्धतीत आणखी एक मोठा दोष आहे, आणि मी लिहिलेल्या पहिल्या आवृत्तीत तो होता. सामन्यामागे ३० गुण काढणारे तीन खेळाडू एका संघात आणले, की माझा संगणक त्या तिघांचे मिळून ९० गुण देत असे. प्रत्यक्षात चेंडू एकच असतो. २०१६च्या उन्हाळ्यात केविन ड्युरंट गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये आला, तेव्हा काय झाले ते पाहा. आदल्या हंगामात स्टीफन करीची सरासरी ३०.१ होती, ती २५.३ झाली; ड्युरंटची २८.२ वरून २५.१ वर आली. क्ले थॉम्पसनची मात्र २२च्या आसपासच राहिली. दोन मोठ्या खेळाडूंचे गुण घटूनही संघाने ६७ सामने जिंकले आणि विजेतेपद मिळवले. याचा अर्थ प्रत्येक खेळाडूसाठी दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात: संघाच्या ताब्यांपैकी किती वाटा तो स्वतः संपवतो, आणि तो वाटा वाढला की त्याची अचूकता किती घसरते. स्वतःचा वाटा कमी झाल्यावरही जो उपयोगी राहतो, दूर उभा राहून केवळ आपल्या शॉटच्या भीतीने बचावपटूला अडकवून ठेवतो, त्याची किंमत सरासरी गुणांच्या रकान्यात दिसत नाही. ती किंमत ओळखणे हेच तर व्यवस्थापकाचे काम आहे, आणि खेळात ती ओळखण्याची संधी मिळायला हवी.

काळाचे भानही ठेवावे लागते. एनबीएने १९७९-८० मध्ये तीन गुणांची रेषा आखली, तेव्हा एक संघ सामन्यामागे तीनपेक्षाही कमी वेळा तिथून प्रयत्न करत असे; २०२३-२४ मध्ये हा आकडा ३५च्या पुढे गेला. याउलट फ्री थ्रोची सरासरी अचूकता कित्येक दशके ७५ टक्क्यांच्या आसपासच आहे. ५० वर्षांची लीग चालवणाऱ्या खेळाने डावपेच बदलू द्यावेत, पण माणसाच्या मनगटाची मर्यादा बदलू देऊ नये.

सामन्याचे यंत्र तयार झाले, की ते तपासायचे कसे? एक सामना पाहून काहीच कळत नाही. हजार हंगाम चालवून विजयांचा पसारा पाहावा लागतो. सगळे संघ अगदी सारखे असते आणि प्रत्येक सामना नाणेफेकीने ठरला असता, तर ८२ सामन्यांच्या हंगामात विजयांचे प्रमाण विचलन, म्हणजे संघांचे विजय सरासरीपासून किती दूर पसरतात याचे माप, साधारण ४.५ आले असते. खऱ्या लीगमध्ये ते सहसा याच्या दुपटीहून जास्त असते. २०१५-१६च्या एकाच हंगामात गोल्डन स्टेटने ७३ सामने जिंकले आणि फिलाडेल्फियाने केवळ १०. आपल्या खेळात असा हंगाम दरवर्षी येत असेल, तर यंत्रात योगायोग फार कमी आहे. हजार वर्षांत एकदाही येत नसेल, तर फार जास्त. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु वास्तवाचा दावा करायचा असेल तर ते टाळता येत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बहुतेक व्यवस्थापन खेळांत तरुण खेळाडूच्या नावापुढे दोन आकडे असतात, आजचे रेटिंग आणि भविष्यातील क्षमता. दुसरा आकडा खरा असेल, तर ड्राफ्ट म्हणजे नुसती वर्गवारी उरते. प्रत्यक्ष ड्राफ्ट कसा असतो? २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेटची निवड झाली आणि पंधराव्यावर यानिस अँटेटोकुनम्पोची. पुढच्या वर्षी निकोला योकिच ४१व्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. योकिचने पुढे तीनदा आणि यानिसने दोनदा हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. निवड करणारे लोक अडाणी नव्हते. एकोणीस वर्षांच्या मुलाचे पुढे काय होईल, हे कोणालाच माहीत नसते, त्या मुलालाही नाही.

हे खेळात आणायचे तर दोन प्रकारची अनिश्चितता वेगवेगळी लिहावी लागते. पहिली पाहणाऱ्याची: खेळाडूचे खरे रेटिंग संगणकाला ठाऊक असते, पण पडद्यावर ते थोडे धूसर करून दाखवायचे, आणि तो जसजसा जास्त मिनिटे खेळेल तसतशी धूसरता कमी करायची. बास्केटबॉल जीएम या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या, कोड सर्वांना खुला असलेल्या खेळात अशी सोय आहे, आणि ती मला त्यातील सर्वांत विचारपूर्वक केलेल्या गोष्टींपैकी एक वाटते. दुसरी अनिश्चितता घडण्याची: दरवर्षी होणारा बदल वयावर अवलंबून असलेला, पण यादृच्छिक असावा. विशीच्या आत त्याचा आवाका मोठा असावा, पंचविशीनंतर लहान, आणि तिशीनंतर त्याचा कल खाली असावा. इथेही सर्व कौशल्ये एकाच मापाने उतरवू नयेत. उडी आणि वेग आधी जातात. शॉट, पास आणि खेळाची समज पुष्कळ काळ टिकते. म्हणूनच काही खेळाडू पस्तिशीतही संघाच्या कामी येतात, तर केवळ वेगावर जगणारे अचानक मागे पडतात.

प्रतिस्पर्धी व्यवस्थापक हा असाच अवघड विषय आहे. खेळाडूंची अदलाबदल करताना संगणकाच्या संघांनी नुसत्या बेरजा केल्या, तर चार मध्यम खेळाडू देऊन एक महान खेळाडू पदरात पाडून घेता येतो आणि तिथेच खेळातील गंमत संपते. मैदानात एका वेळी पाचच जण असतात आणि संघाला वाटायची एकूण मिनिटे २४०च असतात, त्यामुळे उत्तम खेळाडूची किंमत रेटिंगच्या मानाने फार झपाट्याने चढत गेली पाहिजे. पण म्हणून संगणकाचे संघ अचूकही असू नयेत. ब्रुकलिन नेट्सने २०१३ मध्ये ३७ वर्षांचा केविन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पियर्स यांच्यासाठी बोस्टन सेल्टिक्सला २०१४, २०१६ आणि २०१८च्या ड्राफ्टमधील आपल्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि २०१७ मध्ये आपसांत निवड बदलून घेण्याचा हक्क दिला. त्यातूनच पुढे बोस्टनला जेलन ब्राउन मिळाला आणि जेसन टेटमपर्यंतचा मार्गही मोकळा झाला; हे दोघे पुढे त्या संघाचे आधारस्तंभ ठरले. ही चूक गणिताची नव्हती. विजेतेपद आत्ताच हवे, या घाईची होती. संगणकाच्या संघांना अशी घाई, मालकाचा दबाव आणि जवळ आलेली मुदत द्या. त्यांच्या चुका मग माणसांच्या चुकांसारख्या होतील.

नियम खेळाबाहेरूनही बदलतात, एवढे सांगून पुढे जातो. ड्युरंटला गोल्डन स्टेटमध्ये जाता आले, त्याचे एक कारण त्या वर्षी एनबीएची वेतनमर्यादा, म्हणजे एका संघाने खेळाडूंच्या पगारावर करायच्या खर्चाची मर्यादा, सुमारे ७ कोटी डॉलरवरून एकदम ९ कोटी ४१ लाखांवर गेली हे होते. ड्राफ्टमधील निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत सर्वांत तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५ टक्के होती, ती २०१९ पासून १४ टक्के झाली, म्हणजे मुद्दाम हरण्याचा फायदा घटला. खेळणाऱ्याची योजना अशा बदलाने मध्येच कोलमडू शकली पाहिजे.

एक चाचणी मी आता प्रत्येक आवृत्तीवर चालवतो. खेळात शंभर ड्राफ्ट होऊ द्यायचे, प्रत्येकाच्या दहा वर्षांनंतर त्या वर्षीचे खेळाडू त्यांच्या कामगिरीनुसार पुन्हा क्रमाने लावायचे आणि पाहायचे, की पहिल्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू किती वेळा खरोखर पहिला ठरला, आणि तिसाव्या क्रमांकानंतर निवडलेला किती वेळा. माझ्या पहिल्या आवृत्तीत तिसाव्याच्या पुढचा एकही खेळाडू कधी वर आला नव्हता.