तासाला पन्नास मैल

मंडळी, गर्दीचा हायवे सोडून आरव्हीने, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, कसं फिरायचं ते सांगते; पण आधी एक सोपं गणित. रस्ता ४४४ मैलांचा, म्हणजे सातशे किलोमीटरच्या थोडा वर. वेगाची मर्यादा तासाला ५० मैल. किती वेळ लागेल? मागच्या रांगेतून कोणीतरी 'नऊ तास' म्हणालं. बरोबर. आम्हीही तेच उत्तर काढलं होतं. त्यात जेवणाखाण्याचा, फोटोबिटोचा वेळ मिळवला, दोन दिवस धरले आणि तिथेच फसलो.

हा रस्ता म्हणजे नॅचेझ ट्रेस पार्कवे. टेनेसी राज्यात नॅशव्हिलच्या बाहेर सुरू होतो, अलाबामाचा एक कोपरा कापतो आणि मिसिसिपी राज्य तिरकं ओलांडून नॅचेझ गावी नदीपाशी संपतो. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आहे, त्यामुळे ट्रकांना बंदी. वाटेत सिग्नल नाही, जाहिरातीचा फलक नाही. दोन्ही बाजूंना झाडं आणि गवत, आणि दर मैलाला एक आकडा, नॅचेझच्या टोकापासून मोजलेला. मी गेली कित्येक वर्षं इथे टेनेसीत राहते, पण हा रस्ता पुरा पाहिला तो निवृत्त झाल्यावरच.

पहिल्या खेपेला आम्ही भाड्याची २५ फुटी आरव्ही घेऊन ऑक्टोबरमध्ये अकराच्या सुमाराला निघालो. मुक्काम ठरवला होता जेफ बझबी कॅम्पग्राउंडला. मैलाचा आकडा १९३, म्हणजे एका दिवसात अडीचशे मैल. हायवेवर एवढं अंतर आपण दुपारच्या चहाआधी उरकतो. इथे आम्ही पोचलो रात्री साडेआठला, मिट्ट काळोखात. तिथे जागा १८, आरक्षण नाही, जो आधी येईल त्याची जागा. अठराही भरलेल्या. ती लांबलचक गाडी अंधारात मागे घेताना आमचे हे आणि मी एकमेकांना जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी पार्कवे सोडून एका गावात गेलो, एका दुकानदाराची परवानगी काढली आणि त्याच्या पटांगणात झोपलो. डोक्यावर रात्रभर मर्क्युरीचा दिवा भगभगत होता. गर्दीचा हायवे टाळायला निघालेली माणसं पार्किंगमध्ये झोपली.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात बसली. नियोजन लागतं ते रिकाम्या रस्त्याला. मोठ्या हायवेवर काहीही न ठरवता निघालात तरी चालतं. दर दहा मैलांवर पंप आहे, खायला आहे, मोटेल आहे, फोनला रेंज आहे. तो रस्ता तुमची काळजी वाहत असतो. त्याला सोडलंत की ती सगळी काळजी तुमच्या गाडीत येऊन बसते: पाणी, सांडपाणी, तेल, वीज आणि रात्री कुठे थांबायचं ते. म्हणून मी नकाशा उघडण्याआधी विचारते, रोज चाक किती तास फिरवायचं? आमचं उत्तर तीन तास. दुपारी तीनच्या आत गाडी उभी. रस्ता त्यानंतर निवडायचा.

आता रस्ता शोधायचा कसा? याची एक युक्ती आकड्यांतच आहे. १९२६ साली अमेरिकेने रस्त्यांना देशभर क्रमांक दिले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना विषम, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना सम. एक नंबर पूर्व किनाऱ्यावर, आणि पश्चिमेकडे आकडा वाढत जातो. पुढे १९५६ साली इंटरस्टेटचा, म्हणजे राज्याराज्यांतून जाणाऱ्या मोठ्या हायवेंचा, कायदा झाला, तेव्हा नव्या रस्त्यांची मोजणी मुद्दाम उलट्या टोकापासून केली. म्हणून पूर्व किनाऱ्यावर जुना यूएस १ आणि नवा इंटरस्टेट ९५, म्हणजे आय-९५, शेजारी शेजारी. इंटरस्टेट आला आणि रहदारी तिकडे गेली, जुना रस्ता गावागावांतून तसाच राहिला. व्हर्जिनियात आय-८१ वर ट्रकांची रांग हलत नसते, आणि त्याला चिकटून यूएस ११ शेनांडोआ खोऱ्यातल्या गावांमधून निवांत जातो. तेव्हा ज्या इंटरस्टेटने जाणार असाल त्याच्या बगलेतला जुना नंबर शोधा. कागदाचा नकाशा घ्या, फोनवर तो रस्ता दिसेपर्यंत डोळे दुखतात. राज्याच्या सीमेवरच्या वेलकम सेंटरमध्ये नकाशा फुकट मिळतो.

ट्रेसची गोष्टही अशीच आहे, फक्त दीडशे वर्षं आधीची. ही मुळात नॅचेझ, चॉक्टॉ आणि चिकसॉ या इथल्या मूळ रहिवाशांची पायवाट. १८०० च्या आसपास ओहायो खोऱ्यातले शेतकरी सपाट तळाच्या होड्यांत धान्य, तंबाखू, डुकराचं मांस भरून मिसिसिपीतून खाली यायचे. माल विकायचा आणि मग होडीही विकायची, लाकडाच्या भावाने! कारण प्रवाहाविरुद्ध ती वर न्यायची कशी? मग ही माणसं, त्यांना केनटक म्हणत, नॅचेझहून नॅशव्हिलपर्यंत चालत घरी जायची. महिनाभराहून जास्त. पुढे वाफेच्या बोटी आल्या, त्या प्रवाहाविरुद्ध जाऊ लागल्या आणि ही वाट ओस पडली. ओस पडली म्हणून वाचली. आजचा डांबरी पार्कवे त्या वाटेच्या अंगाअंगाने बांधला. काम १९३० च्या दशकात सुरू झालं ते २००५ साली संपलं. सरकारी काम म्हणून हसू नका, आपल्याकडचेही दाखले आहेत.

आता एक सावधगिरी. पार्कवे या शब्दाला भुलू नका. इथे दक्षिणेत पार्कवे म्हणजे निसर्ग पाहत जायचा रस्ता. ट्रेसवर १४ फूट उंच आणि ५५ फूट लांब गाडीही चालते. हाच शब्द न्यूयॉर्कला किंवा कनेटिकटला वाचलात तर लांब राहा. तिथले जुने पार्कवे फक्त मोटारींसाठी बांधलेले, पूल बुटके, आरव्हीला मज्जाव. शेनांडोआच्या स्कायलाइन ड्राइव्हवर एक बोगदा आहे, उंची १२ फूट ८ इंच. भाड्याच्या बऱ्याच गाड्या त्यातून जातात, पण टपावर एसी असतो हे लोक विसरतात. नॉर्थ कॅरोलिनात डरम गावी एक रेल्वेपूल आहे, उंची पूर्वी ११ फूट ८ इंच होती. त्याने इतक्या ट्रकांची टपं सोलून काढली की लोक त्याला कॅन ओपनर म्हणायला लागले. २०१९ साली त्याला आठ इंच वर उचललं, तरी गाड्या आपटायच्या थांबल्या नाहीत! गाडी ताब्यात घेतलीत की उंची विचारा, कागदावर लिहा आणि चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवा. फोनवरचा नकाशा तुम्हाला मोटारच समजतो. त्याला तुमच्या डोक्यावर काय आहे ते माहीत नाही.

दुसऱ्या खेपेला आमच्यासोबत पुण्याहून दीर आणि जाऊबाई आल्या होत्या. या वेळी पाच मुक्काम. ट्रेसवरची तीन कॅम्पग्राउंड फुकट आहेत: मेरिवेदर लुईस, जेफ बझबी आणि रॉकी स्प्रिंग्ज. फुकट म्हणजे वीज नाही, अंघोळीची सोय नाही, सांडपाण्याची टाकी रिकामी करायची सोय नाही. अशा रात्रीला मी कोरडी रात्र म्हणते. जिथे वीज, पाणी आणि डंप स्टेशन, म्हणजे ती टाकी रिकामी करायची जागा, आहे ती ओली रात्र. आमचा आराखडा झाला: नॅशव्हिलहून ५८ मैलांवर मेरिवेदर लुईस, कोरडी. तिथून ८२ मैलांवर टिशोमिंगो स्टेट पार्क, ओली. मग बझबी आणि रॉकी स्प्रिंग्ज अशा दोन कोरड्या, आणि शेवटी नॅचेझ स्टेट पार्कला ओली. लागोपाठ दोनांहून जास्त कोरड्या रात्री चौघांना झेपत नाहीत, निदान आपल्या स्वयंपाकाला तरी नाहीत. फुकटवाल्या जागा दुरुस्तीसाठी कधी बंदही असतात आणि रस्त्याचा एखादा तुकडाही बंद असतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पार्क सर्व्हिसची सूचना वाचायची.

स्वयंपाकाचं सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. आमच्या गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी ४० गॅलनची. ऐकायला भरपूर वाटतं. पण जाऊबाईंनी पहिल्याच रात्री नळ सोडून भांडी घासली, सवयीप्रमाणे, आणि सकाळी चूळ भरायला पाणी नव्हतं. शिवाय नळाचं पाणी खाली ग्रे टँकमध्ये जमतं, ती भरली की सिंकमधून उलटं वर येतं. तेव्हापासून नियम केला. ताटं आणि कढई आधी कागदाने पुसून घ्यायची, मग एका पातेल्यात विसळायची. कोरड्या रात्री कुकरमध्ये एकावर एक डबे, पिठलं-भात, नाहीतर घरून आणलेले ठेपले. पुरणपोळीचा बेत ओल्या रात्री करा. संडासाच्या टाकीला ब्लॅक टँक म्हणतात. ती किती भरली हे दाखवणारे भिंतीवरचे दिवे हमखास खोटं बोलतात, त्यांच्यावर विसंबू नका, दिवस मोजा. रिकामी करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे दोन जोड घ्या. एवढं पुरे, पुढे जेवण आहे.

तेलाचं थोडक्यात. पार्कवेवर एकही पंप नाही. ही गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते. टाकी अर्धी झाली की बाहेर पडायचं. कॉलिनवूड, टुपेलो, कॉशियस्को ही गावं रस्त्याला लागूनच आहेत. रेंज मधूनमधून जाते, नकाशे आधी उतरवून ठेवा.

मघाशी एका ताईंनी विचारलं, कधी जावं? एप्रिल, नाहीतर ऑक्टोबरचा शेवट. जुलै-ऑगस्टात मिसिसिपीत एसीशिवाय झोप नाही, आणि कोरड्या जागी एसी म्हणजे जनरेटर, आणि जनरेटर रात्री चालवू देत नाहीत. आणखी एक, टुपेलो आणि जॅक्सनच्या आसपास सकाळ-संध्याकाळ ऑफिसला जाणारी मंडळी हाच रस्ता वापरतात. ते पट्टे दुपारी ओलांडा. सायकलवाले भेटतील, त्यांच्यामागे निमूट चाला. घाई असती तर आपण इथे आलोच नसतो.

पाहण्याजोगं बरंच आहे, पण थांबे आधीपासून ठरवून ठेवू नका. मैलाचा आकडा आणि नाव लिहिलेली पाटी दिसते, वाटलं तर वळायचं. नॅशव्हिल सोडल्यावर लगेच कमानींचा काँक्रीटचा पूल आहे, दरीच्या दीडशे फूट वरून जातो. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला गेलेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतला मेरिवेदर लुईस १८०९ साली याच वाटेवरच्या एका खानावळीत गोळी लागून मेला; आत्महत्या की खून, वाद अजून चालू आहे. आमचा पहिला मुक्काम त्याच्या थडग्याशेजारी होता हे जाऊबाईंना सकाळी सांगितलं. फार माउंड्स नावाच्या जागी मोकळ्या माळावर मातीचे आठ ढिगारे आहेत, दोन हजार वर्षांपूर्वी कोणी आपली माणसं पुरली त्यावर. १२२ व्या मैलावर सायप्रसची दलदल, तिथे पाण्यात पाय रोवून झाडं उभी आहेत आणि फळ्यांच्या पायवाटेवरून आत जाता येतं. बोलू नका, कासवं पाण्यात उड्या टाकतात.

आणि एक्केचाळिसाव्या मैलाशी सन्कन ट्रेस. मूळ वाटेचा एक छोटा तुकडा. इथली माती मऊ, वाऱ्याने आणून टाकलेली. माणसांच्या, घोड्यांच्या, गाड्यांच्या वर्दळीने ती इतकी झिजली की वाट जमिनीत माणसाच्या डोक्यापेक्षा खोल गेली आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींतून झाडांची मुळं उघडी पडून लोंबतात. मी जुन्नरची. लहानपणी वडिलांनी नाणेघाटात नेलं होतं, तिथे जकातीचा दगडी रांजण दाखवला होता. इथे तसं काहीच नाही. नाव नाही, शिलालेख नाही, होडी विकून घरी निघालेल्या माणसांनी फक्त जमीन झिजवून ठेवली आहे. दीर एरवी सतत बोलणारे, तिथे दहा मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, यांनी महिनाभर चालायचं म्हणजे शिदोरी काय घेतली असेल?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही गाडीत येऊन ठेपले खाल्ले.

नॅचेझला मैलाचा आकडा शून्य होतो. गाव उंच कड्यावर, खाली मिसिसिपी. संध्याकाळी कठड्याशी बसलो तर मालाचे तराफे ढकलत एक बोट प्रवाहाविरुद्ध वर चालली होती, अगदी सावकाश.

परत मात्र आम्ही हायवेने आलो, खोटं कशाला सांगू. गाडी ठरल्या दिवशी परत द्यायची होती. जवळपास पाचशे मैल, जॅक्सन, मेम्फिस, आणि मग थेट पूर्वेला. मी पुढच्या सीटवर बसून होते, बहुतेक जागीच. मेम्फिसनंतरचं काय पाहिलं ते मला आज विचाराल तर सांगता येणार नाही.