ट्रेंड ओसरल्यावरचा फौजी

श्रोतेहो, नमस्कार.

७ डिसेंबर म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिन. त्या दिवशी तुमच्या मोबाईलवर काय काय येणार, ते मी आत्ताच सांगून टाकतो. बर्फात उभा असलेला जवान, मागे तिरंगा, खाली ‘सलाम’. दुपारपर्यंत विषय ट्रेंडिंगमध्ये अगदी वर असेल. संध्याकाळी क्रिकेटचा सामना नाहीतर कुणा नटाचं लग्न त्याला खाली ढकलेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही, बातमीचा स्वभावच तो. पण फौजीचं आयुष्य बातमीपेक्षा बरंच लांब असतं, आणि आपण कमी पडतो ते तिथे.

२०२४ च्या जूनमध्ये मुरलीकांत पेटकर हे नाव असंच झळकलं. त्यांच्यावर चित्रपट आला आणि ‘कोण हो हे पेटकर?’ म्हणून लोक शोधू लागले. सांगली जिल्ह्यातला हा जवान सैन्याच्या ईएमई, म्हणजे यंत्रसामग्रीची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या, विभागात होता. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, आणि त्यातली एक पाठीच्या कण्यातच राहिली. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्णपदक घेऊन आले. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधल्या ४६ वर्षांत पेटकर कुठे दडून बसले नव्हते, पुण्यातच होते! वयाच्या ऐंशीव्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, त्यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला. उशिरा का होईना, मिळाला. ज्यांच्यावर चित्रपट निघत नाही, त्यांचं काय, एवढंच मनात येतं.

ट्रेंडची आणखी एक गंमत आहे, खरं तर गंमत म्हणवत नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरला. सरकारने सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी खातं उघडलंय, रोज एक रुपया टाका, त्यातून शस्त्रं घेणार. संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला की संदेश दिशाभूल करणारा आहे. युद्धात बळी पडलेल्या आणि जायबंदी झालेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी कल्याण निधी आहे, पण त्यातून शस्त्रखरेदी होत नाही. पुढच्याच महिन्यात व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून घरोघर पोचली. पुढे ढकलणाऱ्यांमध्ये आपणच होतो, चांगले शिकलेसवरलेले. सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका, ही सूचना माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिललाच दिली होती. त्यात कारगिलबरोबर मुंबईवरच्या हल्ल्याचाही दाखला होता. तो धडा आपल्याच शहराने दिलेला आहे.

आता ध्वजदिनाकडे येऊ. १९४९ पासून तो पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिका निळा असे तीन पट्टे असलेला कागदी झेंडा तुम्ही पाहिला असेल. तिन्ही दलांचे ते रंग. कचेरीत कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन येतं, आपण खिशातून असेल ती नोट काढतो, झेंडा शर्टाला टोचतो आणि पैसे कुठे जातात ते विचारत नाही. विचारावं. त्यातली मदत खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रालाही जाते. कण्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं बळ गेलेले जवान तिथे राहतात. कुणी व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतं, तर ज्यांचे हात चालत नाहीत असे काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. यातले सगळेच सीमेवर जखमी झालेले नसतात. कुणी सरावात पडलेला असतो, कुणी अपघातात सापडलेला. त्यांच्यासाठी हॅशटॅग निघत नाही.

शेवटी एक अगदी साधं काम सांगतो. माजी सैनिकाला आणि वीरपत्नीला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन अडते. बहुतेकांची धावपळ नोव्हेंबरात. निवृत्तीनंतर शेती केलेल्या माणसाच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर अंगठा ठेवायचा, लाल दिवा, पुसून पुन्हा ठेवायचा, पुन्हा लाल. मागची रांग चुळबुळ करते आणि ज्याने आयुष्यभर ‘सावधान’मध्ये उभं राहायची सवय केली, तो माणूस ओशाळून बाजूला होतो. आता चेहरा दाखवूनही हे काम मोबाईलवर होतं. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप लागतात, शिवाय आधार आणि पेन्शनच्या पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा, क्रमांक. पेन्शन ‘स्पर्श’वर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर, असेल तर पेन्शन मंजूर करणारं आणि वाटणारं कार्यालय निवडताना ‘स्पर्श’चं नाव नीट बघा. लोक तिथेच चुकतात.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी फौजी असतो, तिथे हे शिकवावं लागत नाही. शहरातल्या सोसायटीत मात्र तिसऱ्या मजल्यावरचे काका सुभेदार होते, हे शेजाऱ्याला माहीत नसतं. जाऊन विचारा, “काका, दाखला भरला का?” आणि घरपट्टीतल्या माफीचा अर्ज केलाय का, तेही विचारा. राज्यात माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घरासाठी ती सवलत आहे. अर्ज अडला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. ध्वजदिनाचा निधी तिथेच देता येतो. पावती जरूर घ्या, जुन्या करप्रणालीत प्राप्तिकरात देणगीची वजावट घ्यायला ती उपयोगी पडते.

नमस्कार.