अल्फा 0.91 आला म्हणजे प्रश्नावली झाली का?

नमस्कार मंडळी. मागे जो घर्रर्र आवाज येतोय तो कूलरचा आहे आणि तो बंद होणार नाही. नागपूरचा मे महिना आहे. तुमच्या हेडफोनसाठी मी उकडून घेणार नाही.

आजचा विषय तुम्हीच माझ्या गळ्यात मारलाय. मागच्या व्हिडिओत लहान मुलांच्या आदळआपटीबद्दल बोलता बोलता मी म्हणून गेले की हे पालकांना प्रश्नावली देऊन मोजता येतं. झालं! खाली दोन तऱ्हेच्या कमेंट्स सुरू झाल्या. एक आईबापांच्या: "मॅडम, टाका ना ती प्रश्नावली, आमचं पोट्टं लय आगाव आहे, मोजूनच पाहतो." दुसऱ्या सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांच्या: "मॅम, मराठीत प्रश्नावली बनवली, पालकांकडून भरून घेतली, अल्फा 0.91 आला. टेस्ट झाली ना?"

नाही झाली. अल्फा म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, जास्तीत जास्त 1. आजचा व्हिडिओ त्या "झाली ना"वरच आहे. आईबापांनो, तुम्हीही थांबा, तुमचंही येतंय.

पाया पटकन उरकते. आपण बोलतोय ते न ऐकणं, उलट बोलणं, आरडाओरड, मारणं, चावणं, वस्तू फेकणं याबद्दल. वय साधारण दोन ते सहा. या वयाचं मूल काही फॉर्म भरत नाही, म्हणून घरातलं मोठं माणूस भरतं. यातल्या गाजलेल्या प्रश्नावल्या: शीला आयबर्ग यांची, तिला ईसीबीआय म्हणतात, 36 विधानं. रॉबर्ट गुडमन यांची एसडीक्यू, 1997 ची, 25 विधानं, त्यातली अशा वागण्याबद्दलची फक्त पाच. आणि अखेनबाख यांची सीबीसीएल, तिची एक आवृत्ती खास दीड ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. बाकी तुमच्या पुस्तकात आहे.

आणि "पीडीएफ टाका" लिहिणाऱ्यांनो, ईसीबीआय विकत घ्यावी लागते. एसडीक्यू कागदावर वापरायला फुकट आहे, पण तिच्यावर कॉपीराइट आहे, मनाने भाषांतर करून वाटता येत नाही. त्यामुळे पीडीएफ मिळणार नाही. कितीही हात जोडलेले इमोजी टाका.

आता अल्फा. ली क्रॉनबाख नावाच्या माणसाने 1951 मध्ये हा आकडा लोकप्रिय केला. तो एवढंच सांगतो की तुमच्या प्रश्नावलीतल्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात. उत्तरं खरी आहेत का, ती मुलाबद्दलच आहेत का, यातलं तो काहीही सांगत नाही.

तरी दर वर्षी कोणीतरी प्रबंधात लिहून आणतं, "अल्फा 0.91, म्हणून प्रश्नावली विश्वसनीय व वैध आहे." विश्वसनीय म्हणजे आकडा भरवशाचा, वैध म्हणजे जे मोजायचं तेच मोजणारी. तो "व वैध" कुठून आला, भाऊ?

आपल्या बर्डीच्या बाजारात एकाच ऑटोवाल्याला पाच वेळा भाडं विचारा. पाचही वेळा तो तोच आकडा सांगेल. उत्तरं जुळली म्हणून भाडं बरोबर झालं का? पण आपण प्रश्नावलीत हेच करतो. "मूल सांगितलेलं ऐकत नाही." खाली "मूल मोठ्यांचं म्हणणं मानत नाही." त्याखाली "मूल सूचना पाळत नाही." तीनही प्रश्न एकच. अल्फा वाढणार नाही तर काय होईल? शिवाय नुसती प्रश्नांची संख्या वाढवली तरी तो फुगतो. दहा प्रश्नांवर 0.70 असेल तर त्याच पठडीतले आणखी दहा जोडा, हिशेबाने तो 0.82 च्या आसपास जातो. तुमचं शहाणपण दोन टक्केही वाढलं नाही, आकडा मात्र वाढला.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू मला नागपूरच्या महाल भागातल्या एका बालवाडीत दिसली, आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. आया फॉर्म भरत होत्या. एका बाईने वरपासून खालपर्यंत "नेहमी, नेहमी, नेहमी" अशी सरळ खूण ओढत नेली. मी म्हटलं, ताई, वाचलं का सगळं? ती म्हणाली, "काय वाचायचं मॅडम, रात्रभर झोपू दिलं नाही त्याने. त्रास देते म्हणजे देते." तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण मोजलं काय गेलं? तिचा थकवा. आणि गंमत बघा, अशी सरळ रेघ ओढणारी माणसं असली की उत्तरं एकमेकांशी मस्त जुळतात, अल्फा वर जातो. तुम्ही खूश.

हे पकडायला चांगल्या प्रश्नावलीत एखादं उलट्या दिशेचं विधान असतं. एसडीक्यूत आहे. मूल बहुतेक वेळा सांगितलेलं करतं, अशा अर्थाचं. त्याचे गुण उलटे मोजायचे असतात. रेघ ओढणारा माणूस तिथे सापडतो. आणि विद्यार्थी काय करतात? एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तक्ता येतो, कोणता प्रश्न काढला तर अल्फा किती होईल ते सांगणारा. त्यात दिसतं की हा उलटा प्रश्न काढला तर अल्फा 0.84 वरून 0.88 होतो. मग तोच काढून टाकतात! चोर सापडला म्हणून पहारेकऱ्यालाच हाकललं. कधी कधी त्याची खरी भानगड वेगळीच असते, गुण उलटे करायचेच राहून गेलेले असतात. आधी ते तपासा, कात्री नंतर.

एकाने मागे लिहिलं होतं, "मॅम, तुम्हाला अल्फाचा एवढा राग का?" अरे राग नाही. खुद्द क्रॉनबाख यांचा शेवटचा लेख त्यांच्या निधनानंतर 2004 मध्ये छापून आला, आणि त्यात त्यांनी म्हटलंय की आपल्याला आता अल्फा हा सर्वांत योग्य मार्ग वाटत नाही. ज्याच्या नावाचा आकडा तोच मागे सरकला, आपण अजून चिकटून बसलोय.

तिसरी बाजू. समजा प्रश्न वेगवेगळे आहेत, आईने नीट वाचून भरलंय, अल्फा चांगला आहे. तरी एक गोष्ट उरते: फॉर्ममध्ये मूल येतं ते आईच्या नजरेतून. आयबर्गबाईंनी यावर जी युक्ती केली ती मला फार आवडते. त्यांच्या प्रश्नावलीत प्रत्येक विधानापुढे दोन रकाने आहेत. एकात हे किती वेळा घडतं, 1 ते 7. दुसऱ्यात, हे तुम्हाला त्रासाचं वाटतं का, हो की नाही. एका घरात मूल रोज जेवताना दंगा करतं, आजी म्हणते "खेळकर आहे बाप्पा," समस्या शून्य. शेजारच्या घरात आठवड्यातून एकदा करतं आणि आई हवालदिल. पहिल्या रकान्यात मूल जास्त दिसतं, दुसऱ्यात मोठं माणूस. दोन्ही रकान्यांच्या बेरजा वेगवेगळ्या ठेवायच्या. मी कोणीतरी तयार केलेली एक मराठी प्रश्नावली पाहिली, त्यात दोन्ही एकत्र करून "एकूण वर्तन समस्या" काढली होती. त्या बेरजेचा अर्थ काय, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मग मूल खरंच कसं आहे हे बाहेरून पडताळायचं कसं? शिक्षिकेला विचारा, पण उत्तरं जुळतील अशी फार आशा धरू नका. 1987 मध्ये अखेनबाख आणि सहकाऱ्यांनी 119 अभ्यास एकत्र करून पाहिले. आई आणि बाबा अशा सारख्या भूमिकेतल्या माणसांच्या उत्तरांतला सहसंबंध, म्हणजे ती किती जुळतात तो आकडा (पूर्ण जुळली तर 1), सरासरी 0.60, आणि पालक विरुद्ध शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांत 0.28. म्हणजे कोणीतरी खोटं बोलतंय असं नाही. मूल कॉन्व्हेंटमध्ये बाईंसमोर वेगळं असतं आणि घरी मामासमोर वेगळं. त्यामुळे शिक्षिकेशी 0.30 आला म्हणून रडू नका, आणि 0.85 आला तर आधी विचारा, दोन्ही फॉर्म एकाच बाईने तर भरले नाहीत ना. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष पाहणं. डीबी-डॉस नावाची निरीक्षण पद्धत आहे, तिच्यात मुलाला तीन परिस्थितींत बघतात: पालकासोबत, लक्ष देणाऱ्या तपासनीसासोबत, आणि तपासनीस कामात गुंतलेला असताना. ती महागात पडते, वेळ खाते. पण सगळ्यांची नको, थोड्या मुलांची करा आणि फॉर्मशी ताडून बघा. ही तुमची वैधता. अल्फा नव्हे. पुन्हा सांगू? अल्फा नव्हे.

आता आईबापांचा भाग. तुमचा नेहमीचा प्रश्न, "मूल जमिनीवर लोळतं, हे नॉर्मल आहे का?" अमेरिकेत लॉरेन वाक्श्लाग यांच्या गटाने तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या जवळपास 1500 पालकांना विचारलं. 2012 चा अभ्यास. महिन्याभरात एकदा तरी असा थयथयाट केलेली मुलं 83.7 टक्के. रोज करणारी 8.6 टक्के. म्हणजे "करतं का" या प्रश्नाला काही अर्थच नाही, जवळपास सगळीच करतात. किती वेळा, हा प्रश्न. म्हणून त्यांच्या प्रश्नावलीत "कधी कधी", "बरेचदा" असे पर्याय नाहीत. महिनाभरात एकदाही नाही, इथपासून दिवसातून अनेक वेळा, इथपर्यंत मोजके पर्याय आहेत. तुमचं "बरेचदा" आणि तुमच्या सासूबाईंचं "बरेचदा" यात आठवड्याचा फरक असू शकतो. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकातही पाच वर्षांखालच्या मुलासाठी विरोधी वर्तनाच्या विकाराचा निकष असाच आहे: सहा महिने, बहुतेक दिवशी. लग्नाच्या हॉलमध्ये एकदा लोळलं, ते यात येत नाही.

बरं, पुनर्चाचणी. तोच फॉर्म काही दिवसांनी परत भरून घ्यायचा आणि गुण टिकतात का पाहायचं. सोपं आहे, पण नागपुरात एक काळजी घ्या. पहिला फॉर्म मेमध्ये आणि दुसरा जूनअखेर असं करू नका. आपल्याकडे उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मेमध्ये पोट्टे सकाळी दहापासून घरात कोंडलेले, बाहेर 45 अंश, आई वैतागलेली. जूनअखेर शाळा सुरू, निम्मा दंगा तिकडे गेला. गुण खाली येणारच. तुम्ही लिहाल "प्रश्नावली अस्थिर", आणि बिचारी प्रश्नावली बरोबर सांगत होती. दोन्ही फॉर्म दोन-तीन आठवड्यांच्या आत आणि एकाच ऋतूत घ्या.

कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या वर गुण गेले की लक्ष द्यायचं ती रेषा. एका बाबांनी लिहिलंय, "इंटरनेटवर भरलं, 140 आले, कट-ऑफ 131 आहे, आता काय?" ईसीबीआयच्या पहिल्या रकान्याचा 131 हा आकडा अमेरिकेतल्या मुलांवरून ठरलाय. इथल्या मुलांवर तो जसाच्या तसा लावता येत नाही, इथे पुन्हा तपासावा लागतो. आणि प्रश्नावली ही फक्त चाळणी आहे, कोणाला नीट तपासायचं ते सांगणारी; चाळणी म्हणजे निदान नव्हे. हिशेब करू, आकडे मानलेले. 1000 मुलं, त्यातल्या 50 ना खरी अडचण. प्रश्नावली अशी की अडचण असलेल्या 100 मागे 80 पकडते आणि नसलेल्या 100 मागे 80 सोडते. ऐकायला झकास. 50 पैकी 40 सापडली. उरलेल्या 950 पैकी 190 उगाच अडकली. म्हणजे 230 आईबापांच्या पोटात गोळा, आणि त्यातल्या फक्त 40 ना खरी गरज. तेव्हा दादा, 140 घेऊन रात्री जागू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीतही दाखवता येतं. तो कागद सोबत न्या, पण पोराला त्या आकड्याने हाक मारू नका.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या हातात आज काय आहे? दहा-बारा आया शोधा, आणि त्या फॉर्म भरत असताना शेजारी बसा. प्रत्येक प्रश्नाला, "हे वाचून मनात काय आलं?" एवढंच विचारा. "मोठ्यांशी वाद घालतो" या विधानावर धरमपेठेतल्या एका आईने मला अभिमानाने सांगितलं होतं, "हो, वकीलच होणार आहे." तिने "नेहमी"वर खूण केली ती कौतुकाने. हे कोणतंही सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही.

शेवटची कमेंट घेते. "बाबांनी भरलं तर चालेल का?" चालेल की. आजीने भरलं तरी चालेल, काकूनेही. फक्त वर "भरणाऱ्याचं मुलाशी नातं" आणि "दिवसातले किती तास मुलासोबत असता" हे दोन रकाने ठेवा. आणि पुनर्चाचणीला त्याच माणसाला बोलवा. पहिल्यांदा आजी आणि दुसऱ्यांदा बाबा, असला डेटा मला पाठवू नका, मी उघडणार नाही.