आज किती तास झाले?

[दृश्य: पुणे, नवी पेठ. अभ्यासिकेच्या दाराबाहेर चपलांची रांग. आत लाकडी फळ्यांनी वेगळी केलेली टेबलं.]

शास्त्री रस्त्यावरून नवी पेठेत किंवा सदाशिव पेठेत कुठल्याही गल्लीत शिरा, अभ्यासिकांच्या पाट्या दिसायला लागतात. महिन्याच्या भाड्यात एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा आणि चार्जिंगचा प्लग. बीड, नांदेड, गडचिरोलीहून आलेली मुलंमुली इथं एमपीएससी, यूपीएससीची तयारी करतात. संध्याकाळी चहाला बाहेर पडल्यावर एकमेकांना हमखास एक प्रश्न विचारला जातो. आज किती तास झाले?

कुणी आठ सांगतं, कुणी दहा, कुणी बारा.

पण यांच्यातच असाही कुणी असतो, की जो दहा तास खुर्चीवरून हललेला नाही आणि तरी त्याची जेमतेम चार पानं झाली आहेत. डोळे ओळींवरून फिरत होते, पान उलटलं जात होतं, मन मात्र कधीच दुसरीकडे गेलेलं. तो खोटं बोलत नाही आणि आळशीही नाही. त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि मनाला आवर घालणं अवघड करणारा विकार, असू शकतो.

'असू शकतो' असं जपूनच म्हणायला हवं. लक्ष लागत नाही म्हणजे एडीएचडी, असं नसतं. कॉट बेसिसच्या, म्हणजे नुसती एक खाट भाड्याने घेतलेल्या सामायिक खोलीत धड झोप होत नाही, निकालाची धास्ती असते, घरची काळजी असते, हातात मोबाईल असतो. यानेही लक्ष उडतं. एडीएचडी हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार आहे आणि त्याची सुरुवात लहानपणीच होते. मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी जे निकष वापरतात, त्यांच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि ती एकाच ठिकाणी नव्हे तर घरी, शाळेत, कामावर अशी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. म्हणजे मोबाईलच्या कितीतरी आधीपासून हे माणसांत आहे.

मग पुण्यात येईपर्यंत हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

[दृश्य: गावातली शाळा. मधली सुट्टी संपल्याची घंटा.]

कारण तोवर लक्षाला टेकू देणारे बरेच जण भोवती होते. शाळेत तासाला घंटा व्हायची. बाई पहिल्या बाकावर बसवायच्या. आई शेजारी बसून गृहपाठ करून घ्यायची. चाचणी आठवड्यावर असायची आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी कळायचं. मूल हुशार असेल तर एवढ्यावर दहावी-बारावी निभावून जाते. विशेषतः मुलींच्या बाबतीत हे फार होतं. त्या वर्गात दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत गप्प बसतात, आणि प्रगतिपुस्तकात शेरा येतो: हुशार आहे, पण लक्ष देत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत हे सगळे टेकू एकदम निघून जातात. वेळापत्रक आपणच करायचं, ते पाळलं की नाही हे विचारणारं कुणी नाही, आणि निकाल वर्षभर दूर. परीक्षेची तारीखही भरवशाची नसते. २०२४ ची राज्यसेवा पूर्व परीक्षा २५ ऑगस्टला व्हायची होती, ती लांबणीवर पडून अखेर १ डिसेंबरला झाली. ज्याला काळाचा अंदाज नीट येतो, त्यालाही अशा वेळी नेट धरणं जड जातं. एडीएचडी असलेल्याला तर 'आत्ता' आणि 'नंतर कधीतरी' असे दोनच काळ जाणवतात. परीक्षा पुढे गेली की ती त्याच्या मनातून पुसलीच जाते, आणि परत येते ती थेट शेवटच्या पंधरवड्यात, पोटात गोळा आणत.

हा इच्छाशक्तीचा तुटवडा नाही. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमांवरून मुलांच्या मेंदूच्या बाह्य थराची वाढ तपासली. इतर मुलांमध्ये वाढीचा जो टप्पा सरासरी साडेसात वर्षांच्या वयाला आला, तोच एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाला आला. क्रम तोच होता, वेळ उशिराची होती, आणि सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. मनाला आवर घालणं, पुढचं ठरवणं, हातातलं काम मनात धरून ठेवणं, ही त्या भागाची कामं. याशिवाय डोपामिन या रसायनाच्या कामातही फरक असतो. त्यामुळे दूरच्या फळासाठी आज कंटाळवाणं काम करत राहणं फार अवघड होतं. याच मुलाला सिंधुदुर्गाची तटबंदी आवडली तर तो त्यावर पाच तास सलग वाचेल, जेवण विसरेल. घरचे म्हणतात, आवडीचं बरं जमतं! हो, जमतं. लक्ष असतं, पण ते कशाला आणि कधी द्यायचं हे त्याच्या हातात नसतं.

म्हणून माझं मत असं आहे, की या मुलांना 'निर्धार कर' हे सांगणं थांबवावं आणि गेलेले टेकू परत उभे करायला मदत करावी. ते डोक्यात नव्हे, डोक्याबाहेर हवेत. जिथं अभ्यास होतो तिथं, समोर दिसणारे.

[दृश्य: टेबलावर चिकटवलेली चिठ्ठी. शेजारी उघडी वही.]

सगळ्यात अवघड असते सुरुवात. 'आज अर्थशास्त्र करायचं' हे काम नव्हे, ती धास्ती आहे. 'चलनवाढीवरचे मागच्या परीक्षांतले पाच प्रश्न सोडवायचे' हे काम आहे. ते आदल्या रात्री चिठ्ठीवर लिहून, प्रश्न उघडून ठेवले, तर सकाळी ठरवण्याचं ओझं राहत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी 'जर-तर' पद्धतीच्या नियोजनावर बरंच काम केलं आहे: अमुक घडलं की मी तमुक करेन. २००८ मध्ये एडीएचडी असलेल्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात असं आधी ठरवून ठेवल्यावर त्यांना चुकीची घाई आवरणं सोपं गेलं. इथल्या मुलांसाठी ते असं असू शकतं: चहा पिऊन खुर्चीत बसलो, की आधी पेन उचलायचं आणि पहिला प्रश्न वहीत उतरवायचा.

अभ्यासिका याला साथ देते. शेजारी कुणी मान खाली घालून वाचत असेल तर आपलंही मन जरा थाऱ्यावर राहतं, हे एडीएचडी असलेली कितीतरी माणसं सांगतात. ओळखीचाच कुणी शेजारी हवा असं नाही. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याने मित्राशी व्हिडिओ कॉल लावून, आवाज बंद ठेवून, दोघांनी आपापलं वाचलं तरी चालतं.

अभ्यासिकेत एक अडचण मात्र आहे: शांतता आणि स्थिर बसण्याची सक्ती. पाय हलवला की पलीकडचा वैतागतो. पण २०१५ साली अमेरिकेत आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांवर झालेल्या अभ्यासात उलटं चित्र दिसलं. एडीएचडी असलेली मुलं जेव्हा जास्त हलत होती, तेव्हा स्मरणावर ताण देणारं काम ती अधिक चांगलं करत होती. त्यांची चुळबुळ हा लक्ष टिकवण्याचा मार्गच असावा. म्हणून पाठांतर खुर्चीवर नको. गच्चीवर जा, येरझाऱ्या घाला, मोठ्याने म्हणा. राज्यघटनेची कलमं चालता चालता लवकर बसतात.

घड्याळ भिंतीवरचं हवं, काट्यांचं. वेळ संपत चालल्याचं त्यावर डोळ्यांना दिसतं. मोबाईलवर टायमर लावायला गेलं की मोबाईल हातात येतो, आणि मग अर्धा तास कुठं गेला ते कळत नाही. तो खोलीवर राहू दे, किंवा खालच्या लॉकरमध्ये. पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं सुट्टी हे गणित प्रसिद्ध आहे, पण ते दगडावरची रेघ नाही. कुणाला पंधरा मिनिटं झेपतील, कुणाला चाळीस.

[दृश्य: पुस्तक बंद होतं. हात कोऱ्या कागदावर लिहू लागतो.]

आता सर्वांत महत्त्वाचं. तेच प्रकरण पुन्हापुन्हा वाचणं ही या मुलांच्या बाबतीत सर्वांत घातक सवय आहे, कारण मन निघून गेलं तरी डोळे वाचत राहतात आणि तास मोजले जातात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा परत वाचला, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना बरंच जास्त आठवत होतं. एडीएचडी असेल तर याचा आणखी एक फायदा होतो: मन कुठं सुटलं ते लगेच कळतं. एक पान वाचा, पुस्तक मिटा, कागदावर उतरवा. कागद कोरा राहिला तर पाच मिनिटांत समजलं. रात्री दहाला समजण्यापेक्षा किती बरं. आणि दिवसाचा हिशोब तासांनी नव्हे, या कागदांनी ठेवावा.

परीक्षेतही धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत. 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?' यातला 'अयोग्य' निसटतो, आणि येत असलेलं उत्तर चुकतं. वर नकारात्मक गुण आहेतच. त्या शब्दाला पेनाने गोल करण्याची सवय सरावाच्या प्रत्येक पेपरात लावली, तरच ती परीक्षेत हाताला आठवते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. मुद्दे मनात गर्दी करतात आणि एकाच उत्तरात सगळा वेळ जातो, म्हणून आधी समासात चार शब्दांचा सांगाडा लिहून मगच उत्तराला हात घालावा.

एवढं करूनही जमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. मिथिलफेनिडेट, अॅटोमॉक्सेटिन ही औषधं अनेकांना खरोखर उपयोगी पडतात. मित्राकडून मागून गोळी घेऊन बघणं मात्र धोक्याचं आहे. हृदयाचा त्रास, रक्तदाब, आधीचे आजार बघूनच डॉक्टर ती देतात, आणि मिथिलफेनिडेट हे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे.

पहिल्या भेटीला जाताना जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्या. शिक्षकांचे शेरे डॉक्टरांना आकड्यांपेक्षा जास्त सांगतात. लहानपणाचं विचारलं जाईल, तेव्हा आईला किंवा मोठ्या बहिणीला फोनवर घ्या. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गावाकडे असाल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि कुणाशी आधी नुसतं बोलावंसं वाटत असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.